हिच्याच मापाचं

१

सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम माझं. खिडक्या उघडायच्या, कापायच्या टेबलावरून आधी ओलं आणि मग कोरडं फडकं फिरवायचं, हात धुवायचे आणि नखं घासायची. नख जरासं जरी फाटलेलं असलं तरी तलम रेशमाचा धागा त्यात अडकतो. एकदा ओढला गेला की ती रेघ कापडाच्या जन्माला पुरते. मावशी रोज माझी बोटं स्वतःच्या गालावरून फिरवून बघते. टोचलं तर परत घासायला पाठवते.

आमचं दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली बटणवाला, मधे लाकडी जिना. पुढच्या खोलीत कापायचं टेबल, माझं मशीन, मावशीची खुर्ची आणि गिऱ्हाइकाची खुर्ची. मागच्या खोलीत पुतळा, आरसा, इस्त्री आणि दोरीवर टांगलेले कपडे. आम्ही फक्त हलकं रेशीम शिवतो. शिफॉन, जॉर्जेट, क्रेप. जाड कापडाला मावशी हात लावत नाही. "ते काय, स्वतःच उभं राहतं," म्हणते.

कापायचं काम मावशीचं, मशीन माझं, हातशिलाई ताईची. ताई माझी सख्खी मोठी बहीण. आई गेल्यावर तिनंच मला मोठं केलं. वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की माझा आवाज घशातच बसायचा, म्हणून मी आठवीत शाळा सोडली, तेव्हा घरी माझ्या बाजूनं तीच भांडली. मशीनसमोर बोलावं लागत नाही. मशीनची अडचण वेगळीच आहे, माझे गुडघे त्याच्याखाली मावत नाहीत. दिवसातून एकदा तरी आपटतात. मग मावशी आतून विचारते, "मशीनला काही झालं का रे?"

मावशी मला बांबू म्हणते. जिन्यात वरच्या पायरीवर पत्र्याच्या टोपीचा दिवा लोंबतो. तो फक्त माझ्याच डोक्याला लागतो. टण् असा आवाज होतो, आणि वर बघायच्या आधीच मावशी म्हणते, "आला बांबू."

आरशाचंही सांगायला हवं. तो जुना आहे, भिंतीतल्या मोठ्या खिळ्याला टांगलेला. एका जागी पारा उडून मसुराएवढा काळा डाग पडलाय. ताई वेणी घालायला समोर उभी राहिली की तो डाग बरोबर तिच्या उजव्या गालावर येतो. "माझा तीळ," ती म्हणायची. "एवढ्यापुरती तरी मी देखणी आहे." मी उभा राहिलो की तोच डाग माझ्या शर्टाच्या वरच्या बटणावर येतो.

म्हणजे यायचा.

२

त्या बाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा आम्ही तिघंही पार थकलो होतो. कामं एकामागून एक आली होती. मावशी खुर्चीत डोळे मिटून बसली होती, ताई सुई हातात धरून नुसतीच बघत होती. बाई जिना चढून आल्या, तेव्हा दिवा वाजला नाही. हे मी आता आठवून लिहितोय. तेव्हा त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं.

त्याही दमलेल्या दिसत होत्या. डोळ्यांखाली काळं, आवाज हळू. म्हणूनच असेल, आम्हाला त्या आपल्यातल्याच वाटल्या.

त्यांनी कागदाची घडी सोडून कापड टेबलावर ठेवलं. त्याचा रंग मला अजून सांगता येत नाही. टेबलावर होतं तोवर टेबलासारखं दिसत होतं, मावशीनं हातावर घेतलं तर हातासारखं. मावशीनं हात दोनदा वरखाली केला.

"याला वजनच नाही हो," ती म्हणाली.

"येईल," बाई म्हणाल्या.

पायघोळ ड्रेस हवा होता. उरेबात कापलेला, म्हणजे कापड कोपऱ्याकडून तिरकं ठेवून कापलेला, त्यानं रेशीम अंगावरून पाण्यासारखं उतरतं. मावशीनं टेप गळ्यातून काढली. बाईंनी मान हलवली.

"माझं नको. हिच्याच मापाचं शिवा."

त्यांनी ताईकडे बोट केलं नाही, नुसतं बघितलं. मग स्वतःच उठून ताईला आरशासमोर घेऊन गेल्या. खरंच दोघी एकाच बांध्याच्या होत्या. खांद्याला खांदा, कानाला कान. डाग एकदा हिच्या गालावर, एकदा तिच्या.

"मला फार वेळ उभं राहवत नाही," बाई म्हणाल्या. "हिच्या अंगावरच बेतत चला. मी बसून बघेन. आणि कापून जे काही उरेल ते सगळं मला परत हवं. चिंधीसुद्धा."

"म्हणजे काय, तुमचंच कापड आहे," मावशी म्हणाली. पुष्कळ गिऱ्हाइकं चिंध्या मागतात. त्यातही काही वेगळं नव्हतं.

ताई नंतर मला म्हणाली, "हात किती गार होता रे तिचा." मग हसली. "मलाही असं बसून बघायला मिळालं पाहिजे. दुसऱ्या कुणीतरी माझ्याऐवजी उभं राहायचं."

३

असलं रेशीम शिवणं म्हणजे धूर शिवण्यासारखं. ते टेबलावरून घसरतं, सुईखाली गोळा होतं. म्हणून खाली पातळ कागद ठेवायचा, कागदासकट शिवायचं आणि मग तो हळूच फाडून काढायचा. माझ्या मशीनभोवती दिवसभर कागदाचे कपटे उडत असतात.

उरेबातल्या कपड्याची आणखी एक खोड असते. तो शिवला की लगेच खालची कड दुमडायची नाही. आधी टांगून ठेवायचा. स्वतःच्या भारानं रेशीम सुटतं, कुठं कमी, कुठं जास्त. सुटायचं तेवढं सुटलं की कुणाच्या तरी अंगावर घालून जमिनीपासून सारखी उंची धरायची, खडूनं खुणा करायच्या आणि जास्तीची पट्टी कापायची. मगच दुमड.

तसंच केलं. ड्रेस मागच्या खोलीत टांगला, सुटू दिला. मग ताई तो घालून स्टुलावर उभी राहिली आणि मी तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसून लाकडी पट्टी धरून खुणा करत गोल फिरलो. बाई खुर्चीत बसून बघत होत्या.

"घोटा दिसला पाहिजे," त्या म्हणाल्या.

घोट्याच्या वर खुणा केल्या. मी पट्टी कापली. बोटभर रुंद, लांबच लांब. बाईंनी ती बोटांभोवती गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

"आता दुमडू?" ताईनं विचारलं.

"एकदा परत टांगा," बाई म्हणाल्या. "बघू, अजून सुटतं का."

मावशीला ते आवडलं. "कळतंय हो तुम्हाला," ती म्हणाली.

४

परत सुटलं. पुढच्या वेळी ताईनं ड्रेस घातला तर कड तिच्या पावलांवर लोळत होती. मी परत खुणा केल्या, परत पट्टी कापली. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तेच.

"रेशीम आहे बाबा," मावशी म्हणाली. "काही ठाण असतंच असं हट्टी."

"इतकं सुटतं?"

"हवा दमट आहे."

मला ते पटलं. म्हणजे, पटवून न घेऊन करणार काय? कापड सैल होतं, हे मला ठाऊक असलेलं जग होतं. मी मुकाट्यानं कापत राहिलो. बाई पट्ट्या घेऊन जात राहिल्या.

त्याच सुमाराला ताई एकदा म्हणाली, "तेवढी बारीक कात्री दे रे खिळ्यावरची."

मी दिली. देऊन मशीनवर येऊन बसलो आणि माझा पाय पायट्यावर तसाच राहिला. तो खिळा ताईनंच ठोकलाय. तिच्या हाताला लागेल असा, आणि मावशीच्या लागणार नाही असा. मावशी रेशमाच्या कात्रीनं कागद कापते, त्यावरून दोघींचं वाजायचं.

"तूच का नाही घेतलीस?" मी विचारलं.

"हात वर होत नाही. खांदे भरून आलेत." ती सुई ओवता ओवता म्हणाली. "तू आणि तुझे प्रश्न. दमलेय मी, एवढंच."

ती दमलेलीच होती. आम्ही सगळेच दमलेलो होतो. त्या दिवसांत कशालाही हेच उत्तर असायचं आणि ते खरंही असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेणी घालत होती. मी इस्त्री तापत ठेवली आणि सहज वर पाहिलं. आरशात तिच्या गालावर काही नव्हतं. मी डाग शोधला. तो तिच्या कपाळावर होता, केस सुरू होतात तिथं.

"तीळ कुठं गेला?" मी म्हणालो.

ताईनं आरशात माझ्याकडे पाहिलं. वेणीचे पेड तिच्या हातात होते, ते तसेच राहिले.

"आरसा सरकला असेल," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी आरसा हलवून पाहिला. खिळा घट्ट होता. आरशाच्या कडेभोवती भिंतीवर इतक्या वर्षांची काळी चौकट उमटली आहे, आणि आरसा बरोबर तिच्यात बसलेला होता.

५

मी मशीनवर होतो. दुपार होती. जॉर्जेटचा एक गळा शिवत होतो, कागद खाली धरून, आणि अवघड वळण आलं होतं म्हणून मान खाली होती. जिन्यात दिवा वाजला. टण्.

"आला बांबू," मावशी आतून म्हणाली.

मी मशीन थांबवलं. पत्र्याची टोपी अजून हलत होती, तिचा बारीक किणकिणाट येत होता.

"अरे बांबू, येताना दोऱ्याची रिळं आणलीस का?"

"मावशी," मी म्हणालो, "मी इथंच आहे."

ती बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. तेवढ्यात बाईंचा आवाज आला, "येऊ का?" आणि मावशी पुढं झाली. मी मान खाली घातली. मोठ्या माणसांकडे सरळ न बघायची माझी सवय त्या दिवशी कामी आली असं मला वाटलं. मला फक्त जमीन दिसत होती, आणि जमिनीवरून बाईंची पावलं खुर्चीकडे गेली. पावलं लांब पडत होती. खुर्ची करकरली.

त्या बसल्यावर मी हळूच वर पाहिलं. चेहरा तोच. डोळ्यांखालचं काळं मात्र गेलं होतं. विश्रांती मिळालेल्या माणसासारख्या दिसत होत्या. हात मांडीवर, पर्स हातात. सगळं ठीक होतं. फक्त खुर्चीसमोर जे बुटकं टेबल आहे, ज्यावर आम्ही नमुने ठेवतो, त्याच्या वर त्यांचे गुडघे आले होते. त्या टेबलाखाली माझेही गुडघे जात नाहीत, पण ते टेबलाला आपटतात. बाईंचे आपटत नव्हते. टेबल त्यांच्या पोटऱ्यांशी होतं.

ताई स्टुलावर चढली. चढताना तिनं माझा खांदा धरला. पूर्वी धरत नव्हती.

"घोटा दिसू दे," बाई म्हणाल्या.

६

शेवटी मला एक गोष्ट सुचली. ती आधी का सुचली नाही, हे मला कळत नाही. मावशी काहीही कापण्याआधी खाकी कागदावर पूर्ण आकार कापते आणि काम संपेपर्यंत तो गुंडाळून ठेवते. मावशी आणि ताई खाली बटणं बघायला गेल्या तेव्हा मी तो आकार काढून टेबलावर पसरला आणि त्यावर ड्रेस ठेवला. गळा गळ्याला, खांदा खांद्याला, कंबर कंबरेला.

कापड सुटलं असतं तर ड्रेस कागदापेक्षा लांब भरायला हवा होता. निदान बरोबरीचा.

तो वीतभर तोकडा होता.

मी टाचण्या लावून पुन्हा पाहिलं. रेशीम ओढून पाहिलं, ओढायचं नसतं तरी. कापलेल्या पट्ट्या जितक्या होत्या तितकाच तोकडा. म्हणजे कापड कधी सुटलंच नव्हतं. पहिल्यांदा टांगलं तेव्हा सुटलं असेल तेवढंच. त्यानंतर मी जे कापत होतो ते उगाच कापत होतो. आणि तरीही परवा तो ताईच्या पावलांवर लोळत होता, मी स्वतः खुणा केल्या होत्या.

मी बराच वेळ टेबलाला धरून उभा होतो. खाली बटणवाला ताईशी थट्टा करत होता, आवाज वर येत होता. "काय गं, मावशीनं तुला उन्हात वाळत घातलं होतं का?" ताई हसली. मावशी हसली नाही.

ताई वर आल्यावर मी तिला म्हणालो, "भिंतीला लागून उभी राहा." ती काही न विचारता उभी राहिली. मी टेप लावली. आकडा बघून परत लावली.

"टेप जुनी आहे," मावशी मागून म्हणाली. "कापडी टेप ताणली जाते. मग सगळी मापं कमी भरतात. एवढं कळत नाही तुला?"

ते खरं आहे. कापडी टेप ताणली जाते. मी खाली गेलो, बटणवाल्याकडून कोरी टेप आणली. येताना जिन्यात माझं डोकं दिव्याला लागलं, आणि त्या आवाजानं मी स्वतःच दचकलो. कोऱ्या टेपेनं मोजलं. मावशीनं आकडा पाहिला. टेप माझ्या हातातून घेतली, गुंडाळली आणि टेबलाच्या खणात अगदी मागं सारली.

"काम माणसाला खचवतं," ती म्हणाली. "आईही तुमची शेवटी एवढीशी झाली होती."

"इतक्या थोड्या दिवसांत नव्हती झाली."

"मग मी काय करू?" तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "सांग ना. तूच सांग. मलाही दिसतंय रे. मी रोज उठते आणि म्हणते, आज दिसणार नाही."

ताई भिंतीला टेकून तशीच उभी होती. तिच्या ब्लाऊजच्या बाह्या मनगटांवर दुमडलेल्या होत्या. किती दिवस दुमडत होती कोण जाणे.

"तो ड्रेस घातला की बरं वाटतं," ती म्हणाली. "खरंच सांगते. सगळा शीण उतरल्यासारखं वाटतं. काढला की मग..."



७

बाईंच्या पुढच्या फेरीला मी ड्रेस पुतळ्यावर चढवून ठेवला होता. ताईला मागच्या खोलीत बसवलं होतं. दिवा वाजला. या वेळी तो नुसता लागल्यासारखा वाजला नाही, बाजूला सारल्यासारखा वाजला.

"पुतळ्यावर नको," बाई बसता बसता म्हणाल्या. "अंगावरच बघू."

मावशी माझ्याकडे बघू लागली. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा खोलीत सगळे माझ्या बोलण्याची वाट बघत होते. वर्गात व्हायचं तसंच झालं.  मग आतून ताई खोकली, आणि मी बोललो.

"मी कापणार नाही."

"का?"

"सुटत नाहीये ते. मी आकारावर ठेवून पाहिलं." माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "बाई, पट्ट्या परत द्या."

मला वाटलं त्या रागावतील, किंवा काय म्हणून विचारतील. काय म्हणून, असं त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. मग सगळं माझ्याच डोक्यातलं ठरलं असतं. त्यांनी पर्स उघडली. आत सगळ्या पट्ट्या होत्या, एकेक वेगळी गुंडाळलेली, पानाच्या विड्याएवढी. त्यांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं.

"जोडता येतील तुला?"

"येतील."

"देईन," त्या शांतपणे म्हणाल्या. "एकेक देईन. पण मला थांबता येणार नाही. हिला उभं करायचं नसेल तर दुसरं कुणीतरी उभं राहायला हवं."

मावशी पटकन म्हणाली, "मी राहते."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, कापड बघतो तसं, उजेडाकडे धरल्यासारखं. "तुम्ही आधीच वाकलात," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग माझ्याकडे वळल्या. माझ्या पावलांपासून सुरुवात करून हळूहळू वर आल्या. वर यायला त्यांना वेळ लागला.

"हा उंच आहे," त्या म्हणाल्या.

मावशी हसली. ते हसू कुठून आलं तिलाही कळलं नसेल. "बांबूला झगा," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन मागच्या खोलीत गेली.

बाईंनी पर्समधून एक पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मग कागदाची नवी घडी टेबलावर ठेवली. त्याच कापडाची. ते टेबलासारखं दिसत होतं.

जाताना त्या उठल्या. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण खुर्ची करकरली आणि नजर तिकडे गेलीच. पाठमोऱ्या होत्या. दारातून जायला वाकल्या. वाकणं जिथं थांबायला हवं होतं तिथं थांबलं नाही, पाठ पुढंच जात राहिली, आणि चौकटीच्या वरच्या लाकडावर त्यांनी एक हात ठेवला, आपण खिडकीच्या कठड्यावर ठेवतो तसा, सहज. मग त्या गेल्या. पायऱ्या बऱ्याच आहेत आमच्या. पावलं थोडीच वाजली.

८

ताई खूप रडली. मग रागावली. मग पट्टी जोडायला बसली, कारण पट्टी जोडणं तिलाच जमतं. केसासारखी सुई, रेशमाचाच उसवलेला धागा, इतके बारीक टाके की जोड बोटालाच कळावा, डोळ्याला नाही. जुना ड्रेस तिनं जोडून घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी डाग तिच्या कपाळावर जरासा खाली आला होता. आम्ही दोघं आरशासमोर वेड्यासारखे हसलो.

तो नवा ड्रेस घालून मी स्टुलावर उभा राहतो. मावशी खुणा करते, तिला गुडघ्यांवर बसायला त्रास होतो तरी. बाई बसून बघतात. लाज पहिल्याच दिवशी वाटली. ताई म्हणाली होती ते खरं आहे, शीण उतरतो. ते कापड अंगावर असेपर्यंत मला वाटतं, मी कधी दमलोच नव्हतो. मग काढून ठेवतो आणि जमिनीपर्यंतचं अंतर पायांना आठवत नाही. स्टुलावरून उतरताना दरवेळी थोडा धडपडतो.

माझी पट्टी त्या नेतात, ताईची एक देऊन जातात. हिशेब सरळ आहे असं मला वाटलं होतं. पण जोडाचं मी विसरलो होतो. कितीही बारीक शिवलं तरी प्रत्येक जोडात दोन्हीकडचं थोडं कापड आत जातं. दोऱ्याएवढं, पण जातं. जितके जोड तितकं ते कायमचं गेलं. ताईची शेवटची पट्टी परत आली, जोडून झाली, आणि डाग तिच्या भुवईवर येऊन थांबला. गालावर आलाच नाही.

"चालेल," ती म्हणाली. "भुवईवरही बरा दिसतो."

त्या दिवशी मी खालून रिळं घेऊन वर आलो, टेबलाशी येऊन उभा राहिलो. मावशी कापत होती. तिनं मान वर केली आणि एकदम दचकली.

"कधी आलास?"

"आत्ताच."

ती जिन्याकडे बघत राहिली. तेव्हापासून तिनं मला बांबू म्हटलेलं नाही. मशीनखाली माझे गुडघे आता कुठं लागत नाहीत.

मग ताई म्हणाली, आता तुझ्या पट्ट्या परत आणायच्या, आता मी उभी राहणार. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तुला लहानाचं मोठं मी केलंय, मला शिकवू नकोस. बाईंची काही हरकत नव्हती. त्यांना घाई नसते. त्यांनी आणखी एक घडी टेबलावर ठेवली. ताईनंतर मी, माझ्यानंतर ताई. ज्याची पाळी नसेल तो जोडत बसतो. आम्ही दोघंही आता फार सुरेख जोडतो. मावशी म्हणते, असं काम तिनं उभ्या जन्मात पाहिलं नाही, आणि म्हणताना ते काम हातात घेत नाही. जिन्यातला दिवा तिनं काढून ठेवलाय. बाई दारात येईपर्यंत आता काही ऐकू येत नाही.

आज सकाळी मी टेबल पुसलं, नखं घासली. ताई वेणी घालत होती, मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आमचे खांदे एका रेषेत होते. डाग शोधायला मला वेळ लागला, कारण मी आमच्या चेहऱ्यांवर शोधत होतो. तो आमच्या दोघांच्याही वर होता, मागच्या रिकाम्या भिंतीवर. ताईनं तो पाहिला होता. ती वेणी घालत राहिली.

मावशी इस्त्री घ्यायला आत आली. आमच्याकडे न बघता, आरशाकडे बघून म्हणाली, "हा आरसा कुणी वर टांगलाय? जरा खाली घ्या रे."

"घेतो," मी म्हणालो.

मी हात वर केला. मग जाऊन स्टूल आणलं. ताईनं ते धरलं, मी त्यावर चढलो, टाचा उचलल्या, आणि खिळा अजून वरच होता.